मासा कशाने मेला?

पेडणे-डिचोलीच्या घरांत मासा मरणे ही काही बातमी नव्हे. दुपारच्या ताटात हुमण नसेल तर जेवल्यासारखे न वाटणाऱ्या घरातले मूल काचपेटीतल्या बोटभर मॉलीसाठी डोळे पुसू लागले की मोठ्या माणसांना हसू येते. हसण्याबद्दल आमची तक्रार नाही. त्या हसण्यानंतर घरात जे घडते त्याबद्दल मात्र आहे, आणि म्हणून या अंकातील आमचे पान आम्ही त्या विषयाला दिले आहे.

घडते ते असे. मेलेला मासा जाळीने काढतात, माडाच्या मुळाशी पुरतात आणि एका मिनिटात निकाल लावतात. ‘तूच जास्त खायला घातलेस.’ ‘दुकानदाराने रोगट मासे दिले.’ ‘दृष्ट लागली.’ ‘नळाला पाणीच तसले येते.’ पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाणारे कोणीतरी नवा मासा घेऊन येते. काही प्रेमळ पालक तर मूल शाळेतून परतण्यापूर्वीच त्याच रंगाचा, त्याच मापाचा मासा पेटीत आणून सोडतात. मुलांना हे कळते बरे! सातवीतल्या एका विद्यार्थ्याने वर्गात सांगितले की त्याच्या गोल्डफिशच्या शेपटीवरचा काळा डाग एका दुपारीत डावीकडून उजवीकडे गेला. वर्ग हसला, तोही हसला. घरी मात्र त्याने काही विचारले नाही, कारण ‘आई-बाबांना वाईट वाटेल’.

विद्यार्थी मित्रांनो, पालकहो, आमचे मत सरळ आहे. काचपेटीतला मासा कारण न कळता मेला तर त्याची चौकशी व्हावी, ती मुलाने करावी आणि तीत घरातल्या मोठ्यांनी साक्ष द्यावी. नवा मासा त्यानंतर.

आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ‘शोध’ म्हणजे संशोधन. मराठीत शोध घेतला जातो हरवलेल्या वस्तूचा, आणि शोध लागतो तो नव्या गोष्टीचा. काचपेटीसमोर वही घेऊन बसलेल्या मुलाला हे सगळेच अर्थ उपयोगी पडतात असा आमचा अनुभव आहे.

वहीचा हा उपक्रम आठवी-नववीच्या वर्गांसाठी आपल्या विज्ञान शिक्षकांनी सुरू केला. आपल्या शाळेत एका बाजूने इब्रामपूर, हणखणे, चांदेलची मुले येतात आणि दुसऱ्या बाजूने साळ, मेणकुरे, लाटंबार्सेची. त्यामुळे नळाचे, विहिरीचे, झरीचे असे सर्व तऱ्हेचे पाणी बाटल्यांतून वर्गात जमले. वहीत लिहायचे ते साधेच. पाणी कोठले, केव्हा व किती बदलले, वीज किती वेळ गेली, घरात काय फवारले, किती खायला घातले आणि कोणी घातले. मासा मेला तर तो किती वाजता मेला, आणि आदल्या दिवशी कसा वागत होता. हा शेवटचा रकाना सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांचा कोरा होता. ‘सकाळी पाहिला तर मेलेला’ यापलीकडे कोणाला काही सांगता येत नव्हते.

पण पोलीस तपासात काय किंवा काचपेटीत काय, मरणाची वेळ पुष्कळ सांगते. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत असतील आणि उजाडल्यावर सावरत असतील, तर पहिला संशय प्राणवायूचा. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात, आणि पाणी तापले की तो मुळातच कमी विरघळतो: २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.६. मे महिन्यात रात्री वीज जाऊन हवेचा पंप थांबला की काय होत असेल ते यावरून समजावे. नवी पेटी मांडल्यावर आठ-पंधरा दिवसांत एकामागून एक मासे गेले, तर अमोनिया किंवा नायट्राइट. पाणी बदलल्यावर काही तासांतच गेले, तर क्लोरीन, तापमान किंवा पीएच. एका रात्रीत सगळे मासे गेले आणि गोगलगायी मात्र काचेवर खुशाल फिरत आहेत, तर कीटकनाशक. उलट गोगलगायीच आधी गेल्या, तर तांबे. न्हाणीतल्या तांब्याच्या भाणात रात्रभर साठवलेले विहिरीचे पाणी पेटीत ओतणारी घरे आपल्याकडे आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. हा अर्थात पुरावा नव्हे. कोणत्या दिशेला पाहावे एवढेच यातून कळते.

शवपरीक्षेसाठी तर आपल्याकडे घरोघरी तज्ज्ञ आहेत. बाजारात पाटीवरच्या बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उघडून तो लाल आहे की नाही हे आपल्या मातोश्री किती झटकन पाहतात! तीच परीक्षा काचपेटीतल्या माशालाही चालते. नायट्राइटने मेलेल्या माशाचा कल्ला तपकिरी, चॉकलेटच्या रंगाकडे झुकलेला दिसतो, कारण नायट्राइट रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच काढून घेते. मात्र पाहायचे ते लगेच, कारण मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा रंग काही तासांत उतरतो. हाताला जखम असेल तर पेटीत किंवा माशाला हात लावू नये. काचपेटीच्या पाण्यात असणाऱ्या एका जिवाणूमुळे जखमेवर महिनोन्‌महिने बरी न होणारी गाठ येऊ शकते. साबणाने हात धुवावेत ते नंतर, आणि पेटीत पुन्हा हात घालण्यापूर्वी तो साबण पूर्ण निघून जाईल असे.

नववीतील एका मुलीची वही आम्ही स्वतः दोनदा वाचली. तिच्या घरची पेटी जुनी, मासे धडधाकट. पण दोन-तीन महिन्यांनी पेटी संपूर्ण रिकामी करून धुतली की त्याच रात्री दोन-तीन मासे हमखास मरत. आजीने निष्कर्ष काढला होता की माशांना स्वच्छता मानवत नाही. आईचे म्हणणे होते की मुलीच्या हाताला साबण राहतो. मुलगी ज्या दिवशी पेटी धुई त्या रात्री झोपत नसे.

तिची वही सांगत होती ते असे. एरवी पेटीत थोडे थोडे पाणी विहिरीचे पडे. पण पूर्ण पेटी भरायची तर एवढे पाणी कोण शेंदणार, म्हणून त्या दिवशी नळ सोडत. शाळेतल्या कागदाच्या पट्टीने पाहिले तर पेटीतल्या पाण्याचा पीएच ६ च्या आसपास निघाला आणि नळाचा साडेसातच्या जवळ. गुपित या दोन आकड्यांत होते.

माशाच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नव्या पेटीत हे जिवाणू रुजायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून नव्या पेटीत मासे मरतात. ही दोन कामे दोन वेगळे जिवाणू करतात असे आम्हांला महाविद्यालयात शिकवले गेले होते. पण एकच नायट्रोस्पायरा जिवाणू दोन्ही कामे करू शकतो हे २०१५ साली सिद्ध झाले, आणि त्यातला एक पुरावा मत्स्यपालनाच्या टाकीच्या फिल्टरमधूनच मिळाला. असो. हे काम करताना जिवाणू पाण्यातली क्षारता खर्च करतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे सात ग्रॅम. आपल्या जांभ्या दगडातून पाझरणारे विहिरीचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, त्यात क्षारता थोडीच. ती संपली की पाणी आणखी आम्ल होते, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साठू लागतो. तरीही मासे जगतात, कारण आम्ल पाण्यात तो बहुतांशी अमोनियम या रूपात राहतो आणि ते रूप फारसे घातक नाही. पीएच एका अंकाने वाढला की त्यातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. दीड अंकाने वाढला की सुमारे तीसपट.

आता धुण्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मासे पेटीतल्याच दोन तांबे पाण्यासह बादलीत काढले, बादलीत वरून नळाचे पाणी ओतले आणि त्या पाण्यात मासे दोन तास राहिले. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुतला, म्हणजे क्लोरीनच्या पाण्याने उरलेसुरले जिवाणूही गेले. घर स्वच्छ, पेटी चकचकीत, आणि मासे मेले. आजीचे निरीक्षण बरोबरच होते. निष्कर्ष तेवढा अपुरा होता.

मुलीने पुढे पूर्ण पेटी धुणे बंद केले. दर आठवड्याला पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी पाणी बदलायचे, नळाचे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचे आणि स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा. त्यानंतर आजवर तिच्या वहीत मरणाची नोंद नाही. एका पेटीवरून नियम ठरत नाही हे शिक्षकांनी वर्गाला सांगितले आहे. पण तिची झोप परत आली, हे तिच्या आईने आम्हांला सांगितले.

दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीत येणाऱ्या माशाचेही असेच होते. आपल्याकडचे शोभेचे मासे पुष्कळदा पश्चिम बंगालसारख्या दूरच्या ठिकाणांहून येतात. प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पण माशाच्याच उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्ल राहते आणि मासा वाचतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी उघडी ठेवून तासभर रेंगाळू नये, आणि पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये. ‘दुकानदाराने रोगट मासे दिले’ हे कधी कधी खरे असेलही. पण त्याआधी पिशवी किती वेळ उघडी होती ते विचारावे.

क्लोरीनविषयी एक गैरसमज दूर करावयास हवा. पेडण्याच्या गावांत चांदेलच्या प्रकल्पातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो आपल्या भल्यासाठी. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास हवा, आणि माशाच्या कल्ल्याला त्याच्या निम्म्यानेही इजा होते. तेव्हा मासे मेले म्हणून पाणी पिण्यास अयोग्य आहे असे म्हणणे चूक, आणि आपण पितो म्हणून माशालाही चालेल हेही चूक. पावसाळ्यात विहिरीत जंतुनाशक पूड टाकली असेल तर त्या दिवसांत विहिरीचे पाणीही पेटीत घालू नये.

आमच्या मते सर्वांत जास्त घात होतो तो चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात. घराला रंग, दाराखिडक्यांना तैलरंग, जमिनीला फिनेल, कोपऱ्यांत झुरळांची फवारणी, माटोळीच्या तयारीत खोलीची दारे बंद, आणि हवेचा पंप खोलीतली तीच हवा ओढून पेटीत सोडतो आहे! डास मारण्याच्या द्रवाच्या यंत्रांत ट्रान्सफ्लुथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये असतात. माणसाला ती त्या मात्रेत फारशी बाधत नाहीत, माशाला मात्र अतिशय घातक असतात. मग चवथीला पाहुण्यांची मुले येतात आणि प्रत्येक जण माशांना मूठभर दाणे घालतो. तेथून पुढचे आपण जाणताच.

याच मुद्द्यावर एक पालक आम्हांला भेटावयास आले होते. त्यांची तक्रार अशी की मुलगा आता आजोबांची उलटतपासणी घेतो. यंत्र कोठे लावले, किती वाजता लावले, रात्रभर चालू होते का! शाळेत हेच शिकवता का, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. चौकशीची दिशा बहुतेक वेळा घरातल्याच कोणाकडे तरी जाते, कारण काचपेटीला बाहेरचे कोणी हात लावत नाही. प्रेमाने जास्त खायला घालणारे आजोबा, काच पुसताना फवारा मारणारी मावशी, पंपाचे बटण बंद करून वीज वाचवणारे बाबा. मुलाने यांना काही विचारूच नये, असे म्हणावे का? आम्हांला तसे वाटत नाही. मुलाने आजोबांना साक्षीदार म्हणून विचारावे, आरोपी म्हणून नव्हे, आणि हा फरक आवाजात दिसावा. तो शिकवणे हे शाळेचे काम आहे व ते आम्ही करू. पण मोठ्यांनीही ‘मी काय मुद्दाम मारले?’ असे म्हणून वही मिटवू नये. मुद्दाम कोणीच मारलेले नसते. आजोबा म्हणून उत्तर नाकारले गेले तर मूल एवढेच शिकते की काही कारणे शोधायची नसतात. त्या घरी काय झाले म्हणाल, तर आजोबांनी यंत्र हलवले नाही. मुलाने पेटी हलवली.

विश्वस्त मंडळातील काही सन्माननीय सदस्यांनी विचारले की या माशांनी परीक्षेत गुण मिळणार आहेत का. मिळणार नाहीत, कदाचित. पण मासे मरण्याची चौकशी ही पोरखेळाची गोष्ट नाही, हे गोव्याला १९७० च्या दशकातच कळले आहे. वेळसांवच्या समुद्रात मासे मरून किनाऱ्याला लागले तेव्हा लोकांनी खत कारखान्याच्या सांडपाण्यावर बोट ठेवले आणि त्यातून गोव्यातले प्रदूषणाविरुद्धचे सुरुवातीचे एक मोठे आंदोलन उभे राहिले. मेलेला मासा पाहून नुसते हळहळून घरी गेले असते तर तो विषय तेथेच संपला असता. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या अनेक वर्षी आल्या आहेत. श्रद्धेने पाण्यात टाकलेले अन्न कुजते, कुजताना प्राणवायू खाते आणि मासे गुदमरतात. आपल्या काचपेटीत मूठभर दाणे पडल्यावर जे होते तेच तेथे मोठ्या प्रमाणावर होते. ज्या मुलाने घरी वही घातली आहे त्याला ही बातमी वाचल्यावर वेगळे समजवावे लागत नाही. उद्या गावच्या व्हाळात मासे तरंगू लागले तर हेच मूल तारीख, वेळ, पाण्याचा रंग लिहून ठेवील. डिचोलीच्या बाजूला पाणी लाल दिसले की खाणीकडे बोट दाखवायची सवय आहे. ते बोट कधी योग्य असेल, कधी नसेल, पण बाटलीत पाणी भरून ठेवलेले नसेल तर दोन्ही वेळा ते हवेतच राहील.

व्हाळाचा विषय निघालाच म्हणून सांगतो. मासे मरू लागले की कंटाळून उरलेले मासे व्हाळात किंवा विहिरीत सोडून देण्याची पद्धत पडली आहे. कृपा करून तसे करू नका. आपल्या ओढ्यांत स्वतःचे छोटे मासे आहेत. गोवा व कर्नाटकच्या घाटांतल्या ओढ्यांपलीकडे न आढळणाऱ्या एका इवल्या माशाचे शास्त्रीय वर्णन छापगर आणि साने यांनी १९९२ साली केले. पेथिया सेटनाय असे त्याचे आजचे नाव. डोक्यावर चकचकीत ठिपका असलेल्या आप्लोकायलस जातीच्या माशाच्या चाचण्या १९९० च्या दशकात गोव्यातच मलेरियाच्या डासांच्या अळ्यांविरुद्ध झाल्या होत्या. दुकानातल्या माशाबरोबर दुकानातला रोगही व्हाळात जातो, आणि तेथे मेलेल्या माशांची वही कोणी घालत नाही.

आता मागणे. व्यवस्थापन मंडळाने अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि क्लोरीन तपासण्याचे संच प्रयोगशाळेसाठी मंजूर करावेत. अमोनियासाठी नेस्लरचे द्रावण घेऊ नये, त्यात पारा असतो. सॅलिसिलेटवर चालणारा संच घ्यावा, तो मुलांच्या हाती देता येतो. खर्च एका स्नेहसंमेलनाच्या हारतुऱ्यांहून अधिक होणार नाही असा आमचा अंदाज आहे, व तो आम्ही जबाबदारीने लिहीत आहोत.

पालकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर मुलाबरोबर पाणी पाठवावे, एक पेटीतले आणि एक ज्या पाण्याने पेटी भरता ते. बाटली काचेची, फिनेल वा तेल कधीही न भरलेली, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली आणि काठोकाठ भरून बूच लावलेली असावी. बाटलीवर घराचे नाव नको. गाव, तारीख आणि पाणी भरल्याची वेळ एवढेच लिहावे. मासा मेला असेल तर तो कागदात नव्हे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फावर ठेवून आणावा, आणि सकाळच्या प्रार्थनेआधी विज्ञान शिक्षकांच्या हाती द्यावा. वर्गात दप्तरात ठेवू नये.